ऑक्सिमीटरच्या माहितीपत्रकात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आम्ही घरी वापरतो. गेल्या महिन्यात माझी बहीण गॅस गीझर चालू असलेल्या बंद बाथरूममधून आंघोळ करून बाहेर आली आणि डोकं धरून खालीच बसली. उलटी झाली, बोलणं अडखळू लागलं. ऑक्सिमीटर लावला तर ९८. दुसऱ्या हाताला लावला, तरी ९८च! तो आकडा पाहून सगळे निर्धास्त झाले आणि तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला. तिथे रक्त तपासलं तेव्हा कळलं, २८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलं होतं. ती आता बरी आहे.

साधा ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या दोनच प्रकाशलहरी वापरतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जवळपास ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनइतकाच शोषतं, त्यामुळे यंत्र त्यालाही ऑक्सिजनच्याच खात्यात टाकतं. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्त साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहू शकतं. त्यातलं २८ टक्के अडलं की उरतात साडेचौदा. शिवाय उरलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजन पेशींना सहजासहजी सोडत नाही. आणि पडद्यावर मात्र ९८!

दोन लहरींच्या यंत्राला हा फरक कळत नाही, त्यासाठी को-ऑक्सिमीटर, म्हणजे जास्त प्रकाशलहरी वापरणारं यंत्र, लागतं, हे मला मान्य आहे. माझी तक्रार तुम्ही काय छापता याबद्दल आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘रक्तातील ऑक्सिजनची अचूक पातळी’ असं लिहिलंय. माहितीपत्रकात नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळा, इतकं बारीकसारीक सांगितलंय. धूर, गीझर, शेगडी, बंद खोलीतलं जनरेटर यांबद्दल एक ओळ नाही. तुमच्या हेल्पलाइनने ‘यंत्रात दोष नाही, बदलून मिळणार नाही’ असं सांगून फोन ठेवला. यंत्र बदलून द्या असं मी म्हटलंच नव्हतं.

धूर किंवा गॅसचा संशय असेल तर या आकड्यावर विसंबू नका, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या, हा इशारा माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर आणि खोक्यावर छापा. आधी विकलेल्या यंत्रांच्या ग्राहकांनाही तो कळवा. खोक्यावरचा ‘अचूक’ हा शब्द काढा. हे कधीपर्यंत करणार, ते मला लेखी कळवावं.

आपली,
एक ग्राहक