चौकटीत आपला अरबी समुद्रही येऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महासागरांच्या आश्चर्यकारक गोष्टींची चौकट आली होती, ती मी स्वतः वाचली आणि घरातल्या मुलांनाही वाचून दाखवली. मारियाना गर्ता जवळपास अकरा किलोमीटर खोल आहे, एव्हरेस्ट त्यात उभा केला तरी त्याच्यावर दोन किलोमीटर पाणी उरेल, ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मध्ये समुद्राच्या पोटातच थंड जड पाणी तीनेक किलोमीटर खाली कोसळतं, सगळी माहिती बरोबर होती आणि मुलांना आवडलीसुद्धा. पण अख्ख्या चौकटीत अरबी समुद्राचं नाव एकदाही नव्हतं आणि पेपर मात्र गोव्यात छापला जातो, याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र लिहितेय.

कारण असं की जगातल्या सगळ्यात वेगळ्या समुद्रांमध्ये आपला हा समुद्र मोडतो. अटलांटिक काय, पॅसिफिक काय, वर पार उत्तर ध्रुवाच्या बाजूपर्यंत गेलेले आहेत, आपल्याकडे मात्र वरची बाजू आशिया खंडानं बंद केलेली. ही एवढी मोठी जमीन उन्हाळ्यात तापते तेव्हा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि थंडीत उलटा फिरतो, हे आपण शाळेत मान्सून म्हणून शिकलो, पण वाऱ्याबरोबर समुद्रातले प्रवाहसुद्धा उलटे फिरतात हे किती जणांना माहीत आहे? अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचा गल्फ स्ट्रीम बाराही महिने एकाच दिशेला वाहतो. इथे सोमालियाच्या किनाऱ्यावरचा प्रवाह पावसाळ्यात उत्तरेला जातो आणि हिवाळ्यात दक्षिणेला. आपल्या किनाऱ्याला लागूनही तसंच, पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडे सरकतं, हिवाळ्यात उत्तरेकडे, आणि त्या हिवाळ्यातल्या प्रवाहाबरोबर बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळ-कर्नाटकच्या बाजूनं वर येतं. म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी ज्यात मिसळलंय ते पाणी फिरत फिरत पश्चिम किनाऱ्याला लागतं, मला तर हे मारियाना गर्तेपेक्षा जास्त आश्चर्याचं वाटतं.

आता मासळीचं बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्यावर दरवर्षी भरपूर छापून येतं, बंदी पाळली की नाही, कुठले ट्रॉलर घुसले वगैरे, ते यायलाच हवं. पण त्याच दिवसांत समुद्रात काय चाललेलं असतं ते कोणी सांगत नाही. किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर सरकतं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं, त्याच्यात खतासारखे क्षार असतात, त्यावर प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, वाढतं, आणि तारले-बांगडे वाढतात ते ह्या प्लवंगावर. पाऊस सरला की रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, जी मासळी लागते तिची तयारी ह्या खवळलेल्या महिन्यांत झालेली असते.

पण ह्याच पाण्याची दुसरी बाजू आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत पाण्याचा एक प्रचंड जाड थर आहे ज्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. जगात असे मोजकेच मोठे पट्टे आहेत, दोन पॅसिफिकच्या पूर्वेला आणि एक हा आपल्याकडे. कारण दुहेरी आहे. वर प्लवंग एवढं पिकतं की ते मरून खाली जाताना कुजतं आणि कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं, शिवाय उत्तरेची बाजू बंद असल्यामुळे खाली ताजं पाणी फार हळू पोचतं. मग तिथले जीवाणू प्राणवायूच्या ऐवजी नायट्रेट वापरून जगतात, त्यातून नायट्रोजन वायू सुटतो आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही, जो हवामान तापवणाऱ्या वायूंपैकी एक.

हे सगळं लांब खोल समुद्रातलं म्हणून सोडून देता येत नाही, कारण पावसाळ्यात खालून वर येणारं पाणी आधीच कमी प्राणवायूचं असतं आणि ते आपल्या उथळ किनाऱ्यापर्यंत येतं. वरती पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी पसरलेलं, ते हलकं असल्यामुळे वरच राहतं, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर तळाजवळ प्राणवायू पार संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायूसुद्धा तयार होतो. दोनापावलच्या एनआयओचे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, शास्त्रज्ञ कांदोळीसमोर समुद्रात एका ठरावीक जागी नव्वदच्या दशकापासून जाऊन हे मोजत आलेत. कांदोळी म्हटलं की आपल्या पेपरात शॅक आणि पार्किंग येतं, तिथल्या पाण्यावर एवढं काम झालंय ते मात्र येत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

अजून खूप आहे, थोडक्यात सांगते. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण थोडं कमी असल्यामुळे समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीचा आकार गुळगुळीत धरून गणितानं काढलेल्या पातळीपेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली आहे, जहाजावरच्या माणसाला ते अजिबात कळत नाही. १९८१ च्या जानेवारीत एनआयओच्या 'गवेषणी' जहाजानं अरबी समुद्राच्या तळावरून मँगनीजचे गोळे वर काढले, बटाट्याएवढे हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि त्याच कामाच्या पुढच्या टप्प्यावर १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात शोध घ्यायचा अधिकार मिळाला. त्याच १९८१ च्या डिसेंबरात देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली तीसुद्धा गोव्यातूनच, आणि आज ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आमच्या वास्कोत आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा मांडवी आणि झुआरी आजच्या मुखाच्या कितीतरी किलोमीटर पुढे जाऊन समुद्राला मिळत असणार. हे मुलांना मिरामारला उभं करून सांगून बघा, काय काय प्रश्न विचारतात ते.

तर विनंती एवढीच की रविवारची ती चौकट चालू ठेवा पण निदान महिन्यातून दोनदा ती अरबी समुद्राची असू द्या. लिहायला माणसं इथेच आहेत, शास्त्रज्ञ दोनापावल आणि वास्कोत, आणि बाणावली-कोलव्याच्या रापणकारांना पाण्याची ओढ, वारा आणि मासळीचा हंगाम ह्याबद्दल जेवढं कळतं तेवढं पुस्तकात मिळत नाही, तुमच्या वार्ताहरांनी त्यांनाही विचारावं. रोजची भरती-ओहोटीची वेळ सिनेमाच्या वेळांशेजारी ठळक छापा. आणि प्राणवायू कमी होण्याचा विषय सप्टेंबरातच घ्या, तेव्हा ते समोरच्या पाण्यात प्रत्यक्ष चालू असतं आणि शाळाही चालू असतात, शिक्षकांना वर्गात वाचून दाखवता येईल.

आपली नियमित वाचक,
वास्को