फळा कुणाच्या उंचीचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या बुधवारी एफवायच्या वर्गात इंटिग्रेशनचं चिन्ह काढायला गेले आणि उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. मुलांना वाटलं, मॅडम सूत्र आठवताहेत. उरलेला तास मी फळ्याच्या खालच्या पट्टीत लिहून काढला आणि मागच्या बाकांवरच्या मुली उभ्या राहून वहीत उतरवत होत्या.

मी २३ वर्षं गणित शिकवते. उंची ४ फूट ११ इंच. आमच्या वर्गात पूर्वी लाकडी चौथरा होता. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी समिती येणार म्हणून नवी फरशी बसवली, तेव्हा तो निघाला तो निघालाच. फळा मात्र होता तिथंच राहिला. तेव्हापासून वरच्या ओळीसाठी टाचा उचलून, हात ताणून लिहायचं. गणितात लिहिल्याशिवाय भागत नाही. भाषेच्या सरांसारखं खिशात हात घालून शिकवता येत नाही (सरांनी रागावू नये, त्यांच्या टाचा दुखतातच). फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, ‘‘हात सारखा डोक्याच्या वर धरला की खांद्यातली दोरी हाडाखाली घासते, मॅडम.’’

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘पंख्याखाली उभं राहून खांदा कसा काय दुखतो म्हणं तुझा?’’ तिची कंबर कापूस वेचून वाकलेली. तिच्यापुढे काय बोलणार? पण कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर दुखते हे गावाला ठाऊक तरी असतं.

दुसरं दुखणं मे महिन्यातलं. पेपर तपासायला कॅप सेंटरवर जातो, तिथं आम्हाला मुलांचीच बाकं. पाठ टेकायला काही नाही. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं, पण मान खाली घातली की मानेच्या स्नायूंवर त्याचा भार कितीतरी पट होतो. मोबदला उत्तरपत्रिकेवर, त्यामुळे मधे उठायला कुणी तयार नसतं. तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक तर चहालाही नाही. उन्हाळ्यात त्यांची तेवढीच कमाई. माझी वैद्यकीय रजा विनातक्रार मंजूर झाली. आमच्याच विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या मॅडमचं मनगट सुजलेलं आहे, पण तिचा तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडाले. पट्टा बांधून ती स्वतःचे तास घेते, आणि मी रजेवर होते तेव्हा माझेही तिनेच घेतले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावं असं लिहिलं आहे. ते तास आमच्याकडे काटेकोर मोजले जातात. नॅकच्या समितीनेही ग्रंथालयातली पुस्तकं मोजली, संगणक मोजले. फळ्याची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, ते कुणी पाहिलं नाही.

माझं मागणं फार नाही. सहा इंचांचा चौथरा गावातला सुतार एका दिवसात करून देईल. विद्यापीठाने पेपर तपासणीच्या केंद्रावर पाठीच्या खुर्च्या आणि बेताच्या उंचीची टेबलं द्यावीत. मंगल कार्यालयात लग्नाला मिळतात तसल्या खुर्च्याही चालतील. चौथऱ्याचा अर्ज जूनमध्ये दिला, पोच जपून ठेवली आहे. ‘पुढच्या बजेटला बघू’ असं तोंडी उत्तर मिळालं.

तोवर फळ्याच्या वरच्या अर्ध्यावर लिहायला मी मुलांनाच उठवते. उंच पोरं हल्ली पहिल्या बाकावर बसायला तयार नाहीत.

– एक प्राध्यापिका, अंबाजोगाई, जि. बीड