सायकलचा गाडी नंबर कुठून आणू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला थंडीत सायकलने कामावर जाण्याविषयीचा लेख वाचला. दिवस उलटला तरी राग गेला नाही, म्हणून हे पत्र. लेखात चुकीचे फार काही नव्हते. कान झाका, निघण्याआधी कोमट पाणी प्या, सायकलला गिअर असलेले बरे, हे सगळे ठीक आहे. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्याचा उल्लेख होता. त्याचा मलाही अभिमान वाटतो. पण पूर्ण पानभर मजकुरात कामावर पोचल्यावर सायकल ठेवायची कुठे, याबद्दल एक ओळ नाही. पहाटेच्या अंधाराबद्दल एक शब्द नाही. थंडीमुळेच लोक सायकल काढत नाहीत, असे धरून लेखकाने पान भरले आहे. ते खरे नाही.

मी पंचवटीत राहते आणि सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत तपासणी विभागात काम करते. घरात एकच स्कूटर, ती मुलाला कॉलेजला लागते. दोन रिक्षा बदलून जाण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. म्हणून दिवाळीनंतर सायकल सुरू केली. थंडीचे म्हणाल तर ती फक्त होळकर पुलावर लागते. खालून गोदावरीचा गारठा येतो आणि बोटे बधिर होतात. रविवार कारंजा ओलांडला की अंग तापायला लागते, अशोकस्तंभाच्या चढाला स्वेटर नकोसा होतो. लेखात जाड जॅकेट सुचवले आहे. ते घालून कोणी सातपूरपर्यंत सायकल मारून बघावी. आतून घाम फुटतो आणि मायको सर्कलच्या सिग्नलला थांबले की तोच घाम अंगावर गार पडतो. हुडहुडी भरते ती त्याने. सुती कुर्ता, त्यावर वारा अडवणारे पातळ विंडचीटर, कानाला स्कार्फ आणि हातमोजे, एवढे पुरते. आमच्याकडे पेपर टाकणारे काका तर छातीवर, शर्टाच्या आत वर्तमानपत्राची दोन पाने घालतात. वारा आत शिरत नाही आणि खर्च शून्य. महागड्या थर्मलच्या किमती छापण्याऐवजी असे काही छापले असते तर कामगारांच्या उपयोगी पडले असते.

आणि कृपा करून निफाडचे तापमान ‘नाशिक गारठले’ या मथळ्याखाली देऊ नका. निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. ते शहरापासून ३५-४० किलोमीटरवर, उघड्या शेतात आहे. तिथला पारा शहरापेक्षा बहुतेक वेळा दोन-चार अंश खालीच असतो. तुमचा तो मथळा वाचून माझ्या सासूबाई रोज सकाळी दार अडवून उभ्या राहतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कंपनीत दुचाकींसाठी मोठी शेड आहे. तिथे गाडी लावायला स्टिकर लागतो आणि स्टिकरसाठी फॉर्म भरावा लागतो. फॉर्मवर गाडी नंबर, आरसी, लायसन्स, इन्शुरन्स आणि पीयूसी असे रकाने आहेत. मी गाडी नंबरच्या रकान्यात ‘सायकल’ असे लिहून फॉर्म दिला. गेटवरच्या सुपरवायझरने तो परत केला. म्हणाले, “ताई, नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही.” मी म्हटले, “सायकलला नंबर नसतोच हो.” ते म्हणाले, “मग ऑफिसात बोला.” ऑफिसात गेले तर उत्तर मिळाले की सायकलसाठी पॉलिसी नाही. पॉलिसी कधी होणार, तर ते वरून ठरेल.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे सायकल हे मोटार वाहन नाही. तिची नोंदणी होत नाही, विमा लागत नाही, धूर नाही म्हणून पीयूसी नाही. म्हणजे हा फॉर्म सायकलवाल्याला कधीच भरता येणार नाही. शेडमध्ये माझ्या सायकलपुरती जागा रोज रिकामी असते, ती मला दिसते, पण गेटमधून सायकल आत जात नाही.

म्हणून सायकल बाहेर, कंपाउंडच्या तारेला साखळीने बांधून ठेवते. शेजारच्या टपरीवाल्या मावशी लक्ष ठेवतात, त्यांचे उपकार आहेत. पण दुपारी त्या टपरी बंद करून जातात. डिसेंबरमध्ये एकदा ओव्हरटाइम लागला. सुटायला सहा वाजून गेले. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे बाहेर आले तेव्हा अंधार पडलेला होता. पुढच्या चाकाची हवा सोडलेली आणि हँडलला लावलेला बॅटरीचा दिवा काढून नेलेला. पंप सायकलला लावलेला असतो तोही गायब. मी गेटवर सांगायला गेले तर सुपरवायझर म्हणाले, “बाहेरची जबाबदारी आमची नाही.” आत घेत नाही म्हणून सायकल बाहेर, आणि बाहेर आहे म्हणून जबाबदारी नाही! एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्याने, दोन्ही बाजूंना उभ्या ट्रेलरच्या रांगेतून, सायकल हाताने ढकलत पपया नर्सरीपर्यंत चालत आले. त्या रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद. ट्रेलरच्या मागे रिफ्लेक्टर नाहीत. समोरून येणाऱ्या दुचाक्यांचे पांढरे प्रखर दिवे डोळ्यांवर. मी बाई माणूस, एकटी, चाकात हवा नाही, दिवा नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना काय सांगायचे, हा विचार वेगळाच.

माझे वडीलही सातपूरलाच कामाला होते. त्यांच्या कंपनीत सायकल स्टँड होता, पत्र्याची लांबच लांब शेड. आत जाताना एक बिल्ला सायकलला अडकवायचा आणि तसाच दुसरा खिशात ठेवायचा. बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल बाहेर सोडत नसत. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. संध्याकाळी सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवायचे, म्हणून वडील डायनॅमोची वायर जिवापाड जपायचे. शेकडो सायकलींची सोय कंपन्या करत होत्या. त्याला ना कॉम्प्युटर लागला, ना पॉलिसी. त्याच शेडच्या जागी नंतर स्कूटर आल्या, मग मोटारसायकली, मग साहेबांच्या कार. सायकलची जागा कोणी ठरवून काढून घेतली नसेल, पण ती गेली खरी, आणि परत मागायला गेले की फॉर्म पुढे येतो.

अंधाराबद्दल. पहिली पाळी सातची, म्हणजे मला सव्वासहाच्या आत घर सोडावे लागते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नाशिकचा सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे सगळा प्रवास काळोखात आणि पहाटेच्या अंधुक उजेडात. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागतो हे खरे, पण तो संध्याकाळच्या बाजूने मोठा होतो. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जाते. त्यामुळे सायकलने पहिल्या पाळीला जाणाऱ्याला सगळ्यात अवघड काळ संक्रांतीच्या आसपासचा असतो. त्यात दव पडते, रिम ओली होते आणि साध्या सायकलचे रबरी ब्रेक पहिल्या दोन-तीन दाबांना लागतच नाहीत. उतारावर हे कळायला उशीर झाला तर माणूस थेट सिग्नलच्या मधोमध जातो. उतार लागण्याआधी ब्रेक दोनदा हलके दाबून रिम पुसून घ्यायची, ही गोष्ट मला एका वॉचमन दादांनी शिकवली. ते श्रमिकनगरहून वर्षानुवर्षे सायकलने येतात. असे कितीतरी लोक आहेत. कंत्राटी कामगार, वॉचमन, कॅन्टीनमधली मुले, सगळे पहाटे कानाला मफलर गुंडाळून निघतात. तुमच्या पुरवणीतल्या फोटोंमध्ये त्यांच्यातला एकही चेहरा नाही. हेल्मेट, चष्मा आणि रंगीत जर्सी घातलेलीच माणसे आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण कामावर सायकलने जाणारे नाशिकमध्ये कोण आहेत, हे बघायला तुमच्या प्रतिनिधीने एकदा सकाळी साडेसहाला एबीबी सर्कलला उभे राहावे.

सायकल ट्रॅकचेही लिहिते. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर सायकलसाठी वेगळी पट्टी केली. माझ्या वाटेत तीच एक सोय. संध्याकाळी परत येताना त्या पट्टीवर मोटारसायकली लावलेल्या असतात, हातगाड्या असतात, मेहेरजवळ तर रिक्षा उभ्या असतात. मी मुख्य रस्त्यावरूनच येते. त्या १.१ किलोमीटरच्या पुढे सातपूरपर्यंत तीही पट्टी नाही. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे निघाली आहेत. बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या पार्किंगचा विचार होतो आहे, तो व्हायलाच हवा. इथे बाराही महिने राहून सायकलने कामावर जाणाऱ्यांचा विचारही त्याच बैठकीत व्हावा.

माझी मागणी मोठी नाही. ‘निमा’ आणि ‘आयमा’ या उद्योजकांच्या संघटना आहेत. आपल्या प्रतिनिधीने त्यांच्या पदाधिकाऱ्यांना एवढेच विचारावे की प्रत्येक कंपनीच्या आवारात सायकलसाठी छपराखालचा एक कोपरा आणि बांधायला एक लोखंडी दांडा का देता येत नाही. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. स्टिकरच्या फॉर्मवर ‘सायकल’ असा एक रकाना वाढवायला किती खर्च येतो, हेही विचारावे. त्यांचे उत्तर पुरवणीत नको, पहिल्या पानावर छापावे. आणि एमआयडीसीतले रस्त्याचे दिवे कोणाच्या अखत्यारीत येतात ते एकदा नीट छापावे. आम्ही तक्रार घेऊन गेलो की एक ऑफिस दुसऱ्याकडे पाठवते.

जाता जाता आणखी एक. पूर्वी आपल्या पेपरात राशिभविष्याच्या वरच्या चौकटीत रोजच्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ येत असे. गेल्या काही महिन्यांपासून ती बंद झाली आहे, त्या जागी एका सोनाराची जाहिरात येते. राशिभविष्य चालू आहे. मला आणि माझ्यासारख्यांना उद्या उजेड कधी होणार हे रोज लागते. माझे वडील ती चौकट बघून सायकलला दिवा लावायचा की नाही ते ठरवायचे. जाहिरात जरा खाली घ्या, पण ती दोन ओळींची वेळ पुन्हा सुरू करा. संक्रांतीच्या आधी झाली तर फार बरे होईल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक