फडफडणाऱ्या शिडाचा फोटो

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात मिरामारच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या शिडाच्या होड्यांचा फोटो तुम्ही तीन कॉलमांत छापलात. खाली ओळ होती, ‘सांजवाऱ्यावर डौलाने फडफडणारी शिडे’. फोटो सुरेख आलाय. डावीकडची निळ्या शिडाची होडी माझी आहे. डौल कसला, आमचा गलथानपणा छापलात तुम्ही.

शर्यत तीनच्या सुमारास संपली. शिडं तशीच उभी ठेवून पोरं भाजीपाव खायला गेली, त्यांत माझा भाचाही होता. फोटोतल्या सावल्या बघता तो साडेपाचचा असावा. म्हणजे अडीच तास ते कापड वाऱ्याचे फटके खात उभं होतं.

मी बेती-पणजी फेरीबोटीवर 31 वर्षं काढली. फेरीबोटीला शीड नसतं, तेव्हा हा उद्योग निवृत्तीनंतरचा. भाच्यासोबत एक जुनी एंटरप्रायझ घेतली, दोघांनी चालवायची सव्वातेरा फुटी होडी. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने 1956 मध्ये तिचा आराखडा काढला, आणि निळं शीड ही तिची जगभरची ओळख. आमचं मात्र उन्हाने विटून आता धुतलेल्या युनिफॉर्मच्या रंगाचं झालंय.

शिडाचं कापड म्हणजे विणलेला पॉलिएस्टर, त्यावर राळेसारखा घट्ट लेप. त्या लेपामुळेच कापड ताठ राहतं, आपला आकार सोडत नाही. फडफडताना प्रत्येक फटक्याला लेपाला बारीक चिरा पडतात, कापड सैल होतं, आणि शिडाचं पोट, म्हणजे वाऱ्याने फुगणारा भाग, खोल होत मागच्या कडेकडे सरकतं. शिवण तर त्याहून आधी जाते. उन्हाने दोरा कुजतो, कापड मागे उरतं. माझे आजोबा फत्तेमारीवर होते, मंगळुरी कौलं घेऊन वर यायचे. त्यांची शिडं सुती होती. ओलं शीड गुंडाळलं की ते घरातल्या माणसालाही शिव्या घालत. शीड ओढायच्या-सोडायच्या ज्या दोरीला आमच्या होडीत शीट म्हणतात, तिला ते दामण म्हणत. शिव्यांसकट हा शब्द माझ्या कानात राहिलाय.

आता पोट मागे सरकल्याने काय होतं, ते त्याच दिवशी दिसलं. दुपारी वायव्येचा वारा भरला. वाऱ्याकडे चढताना आमची होडी नुसती कलत होती, पुढे जाईना. बाकीचे दहा हात वर चढायचे तिथे आम्ही सहा. भाचा शीट आणखी आवळत बसला. सगळे नवखे हेच करतात. हाताला जोर लागला की वाटतं होडी पळतेय. मी म्हटलं, बाबा, सोड! पुढची कड थरथरेपर्यंत ढिली कर, मग थरथर थांबेल एवढंच ओढ. आणि जुन्या शिडाला वारा वाढला की कनिंगहॅमची दोरी खाली ताण. पुढची कड ताणली गेली की पोट पुन्हा पुढे येतं. नव्या शिडाला इतकं ताणावं लागत नाही, आमच्या म्हाताऱ्याला लागतं.

जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, दोन्ही अंगांना वारा कसा वाहतोय ते कळायला मी भजनाच्या जुन्या कॅसेटची फीत चिकटवलीय. तिच्या जागी लोकर लावली तर ती भिजली की कापडाला चिकटून बसते, फीत लगेच सुटते. वाऱ्याकडची फीत नाचली तर थोडं ओढा, किंवा होडी वाऱ्यापासून किंचित दूर घ्या. पलीकडची नाचली तर ढिलं सोडा. दोन्ही मागे सरळ वाहिल्या की हात आवरा. एवढं जमलं तरी अर्धी शर्यत जमली. उरलेली अर्धी पाण्याची: परतताना ओहोटी तोंडावर होती, तर आम्ही उथळ वाळूच्या कडेकडेने आलो आणि मधल्या धारेत शिरलेल्या तिघांना मागे टाकलं. फेरीबोटीची नोकरी कामी आली ती तेवढीच. (वर नदीत पणजीकडे सराव करणाऱ्यांनी कॅसिनोच्या बोटींच्या आडोशाला जाऊ नये. तिथे वारा असा गायब होतो की खिशातले पैसेच गेल्यासारखं वाटतं.)

जपणुकीत मी स्वतः काय दिवे लावले तेही सांगतो. पहिल्या पावसाळ्यात शीड धुतलं नाही, तसंच माळ्यावर टाकलं. मीठ हवेतली ओल ओढतं. गणपतीच्या सुमारास काढलं तर काळ्या बुरशीचे ठिपके. मी काथ्याने घासलं, लेप गेला. घड्या मोडायला भाच्याने इस्त्री फिरवली, एक कोपरा आखडला. तो कोपरा आजही सुरकुतलेला आहे, फोटोत दिसत नाही एवढंच. आता दर वेळी गोड्या पाण्याने धुतो, सावलीत वाळवतो, शीड ताठ ठेवणाऱ्या बॅटनच्या पट्ट्या काढतो आणि चटईसारखी सैल गुंडाळी करतो. उभ्या शिडावर वाऱ्यात पाणी मारून ‘वाळतंय’ म्हणणाऱ्यांकडे बघवत नाही.

दिवाडीला बांधलेली नौदलाची शिडाची नौका तारिणी घेऊन लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा 2 ऑक्टोबर 2024 रोजी आमच्या शेजारच्या वेरेंतल्या तळावरून निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी पृथ्वीला वळसा घालून परतल्या. वर्तमानपत्रांत लाटांबद्दल पुष्कळ आलं. आठ महिने शिडं कशी टिकवली, यावर काही माझ्या वाचनात आलं नाही. तुमच्या वार्ताहराने त्यांना ते जरूर विचारावं.

एक विनंती. हवामानाच्या चौकटीत मांडवीच्या मुखाची भरती-ओहोटीची वेळ छापा, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांनाही उपयोगी पडेल. आणि पुढच्या शर्यतीला फोटोग्राफरला दोन वाजता पाठवा. पाठवण्याआधी मला कळवलंत तर त्याला होडीत घेईन. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी मात्र त्याने स्वतः आणावी.

आपला,
एक होडीवाला
बेती, बार्देस