अण्णा, तुमचा व्हर्नियर अजून माझ्याकडेच आहे

अण्णा, नमस्कार.

तुम्ही रिटायर होऊन तासगावला निघालात, त्या दिवशी गेटवर हार झाले, भाषणं झाली. मलाही बोलायला सांगितलं होतं. पण घसा दाटून आला आणि मी माइक तसाच परत दिला. तेव्हा राहून गेलेलं आज सगळ्यांसमोर लिहिते.

अकरा वर्षं मी कुपवाडच्या एका फौंड्रीत कोअर शॉपला होते. कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये, ओतीव भागात, पोकळी राहावी म्हणून आत ठेवायचा वाळूचा गाभा. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं, कोअर बॉक्समध्ये ठासून भरायचं, गॅस मारायचा, घट्ट झाला की कोअर अलगद काढायचा. तो कास्टिंगमध्ये कुठं बसतो, हे कधी कुणी दाखवलं नव्हतं. इन्स्पेक्शनला जागा निघाली म्हणून विचारलं, तर सुपरवायझर तोंडावर म्हणाला, "बायकांना ड्रॉइंग कळत नाही." मी रडतच युनियनच्या खोलीत आले. तुम्ही तडक भांडायला जाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "ताई, भांडू की. पण रविवारी या, आधी ड्रॉइंग शिकू."

पहिल्या रविवारी आम्ही सातजणी होतो. तुम्ही स्वतःचा व्हर्नियर, बारीक माप घ्यायची ती सरकत्या पट्टीची मोजपट्टी, माझ्या हातात दिलात. आधी जबडे मिटवून शून्याला शून्य जुळतंय का ते बघायला लावलंत. मग एक बुश, म्हणजे नळीसारखा गोल भाग, मोजायला दिलात. मुख्य पट्टीवर 23, सरकत्या पट्टीची सतरावी रेघ वरच्या रेघेशी सरळ. सतरा गुणिले 0.02 म्हणजे 0.34. माप 23.34 मिलिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. नववीत शाळा सुटल्यापासून गणितात माझं उत्तर बरोबर आल्याचं मला आठवत नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "लिहून ठेवा."

केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ 1958 सालचं. कामगारांतूनच कामगार-शिक्षक घडवायचे, ही त्याची पद्धत. तुम्ही तिथंच तयार झालात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

करारातलं तुमचं काम तर मी जन्मात विसरणार नाही. मागणीपत्रकात पगारवाढीच्या जोडीला तुम्ही प्रशिक्षण घातलंत, तेव्हा आपलीच माणसं नाराज झाली. शिकून पोट भरतं का, असं गेट मीटिंगला विचारलं. तुम्ही ब्रिटनचं उदाहरण दिलंत. तिथं 2002 च्या कायद्यानं युनियनच्या शिक्षण प्रतिनिधीला हे काम ड्युटीच्या वेळेत, पगारी करता येतं. "आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून करारात लिहून घ्यायचं," असं म्हणून तुम्ही हटून बसलात. महिन्याला चार तास, ड्युटीत, पगार न कापता.

त्या 'ड्युटीत' शब्दाचं मोल बायकांना विचारा. रविवारी यायचं म्हणजे पहाटे भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, धुणं उरकायचं आणि वर घरच्यांची बोलणी खायची. सातजणींतल्या तिघी त्यापायीच सुटल्या होत्या. वर्ग ड्युटीत आला आणि त्या तिघी परत आल्या. त्यांतली एक आज माझ्या शेजारच्या टेबलावर गेज लावून कास्टिंग तपासते.

हो अण्णा, मी इन्स्पेक्शनला आहे. आणि आता गुरुवारचा वर्ग मी घेते. सुरुवात तुमचीच: जबडे मिटवा, शून्य बघा.

व्हर्नियर परत द्यायला येणार होते, पण वर्गात तो दर गुरुवारी हातोहात फिरतोय. द्राक्षांची छाटणी उरकली की एका गुरुवारी तुम्हीच या. नव्या पोरींना तुम्हाला बघायचंय.

तुमची,
कोअर शॉपमधली ताई