तांडेल मामा, त्या पेल्याबद्दल

तांडेल मामा,
नमस्कार.

समोर बसून बोलायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

ऑक्टोबरात हर्णैहून मासेमारीला निघालेल्या आपल्या बोटीचं, जिचे तुम्ही तांडेल म्हणजे प्रमुख, इंजिन बंद पडलं, वायरलेस मुका झाला, आणि पाच जणांत 12 लिटर पाणी उरलं. पहिला दिवसभर तुम्ही कुणाला थेंब दिला नाहीत. "अंगात पाणी हाय अजून, आता प्यायलात तर नुसतं मुतून टाकाल." दुसऱ्या दिवसापासून माणशी अर्धा लिटर, स्टीलच्या पेल्याने मोजून. मला उलट्या लागल्या तेव्हा सगळ्यांना विचारून एक पेला जास्त दिलात. खणात मासळी होती, पण खाऊ दिली नाहीत. खाल्लं की अंग पाणी मागतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. दुपारी शर्ट खाऱ्या पाण्यात भिजवून अंगावर घ्यायला लावलेत, घाम कमी यावा म्हणून. ऊन कलायच्या आत वाळवायलाही लावलेत.

दुसऱ्या रात्री मी गुपचूप बालदी दर्यात सोडली. एकच घोट घेणार होतो. तुम्ही मनगट धरलंत. तेव्हा मी तुम्हाला नको ते बोललो, पाणी लपवताय असंसुद्धा. त्याची माफी मागतो.

नंतर डॉक्टरांनी हिशोब सांगितला. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. मूत्रपिंडं लिटरभर लघवीतून जेमतेम 20 ग्रॅम बाहेर टाकतात. म्हणजे लिटर प्यायला की पावणेदोन लिटर जाणार, वरचं पाणी माझ्याच अंगातलं. त्या बालदीने माझी तहान वाढवतच नेली असती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. आम्ही ताडपत्री ताणली, तोंडं उघडली, आणि तुम्ही पहिलं पाणी ओतून दिलंत! मी ओरडलो. तुम्ही ताडपत्रीवर बोट फिरवून माझ्या जिभेला लावलंत. खारट. आधी मीठ धुऊन जाऊ दिलंत, मगच कॅन भरायला लावलात. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बोटीने आपल्याला ओढून आणलं, तेव्हा कॅनमध्ये पाणी शिल्लक होतं.

31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपतेय. या हंगामात मी पाण्याचा एक वेगळा कॅन सील करून ठेवणार, रोजच्या वापरासाठी त्याला हात न लावता. मामा, तो स्टीलचा पेला तेवढा मला द्याल?

तुमचा,
बोटीवरचा सगळ्यात धाकटा खलाशी