खोडरबरवाल्या सर्व्हेअर साहेबांस

सर्व्हेअर साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, त्या माणसाला ते आवडायचं नाही. पण आमच्या गाडीचं नुकसान विमा कंपनीसाठी तपासायला आलेल्या तुम्हालाच हे पत्र आहे, हे लगेच ओळखाल: साताऱ्यातली राखाडी व्हॅगन आर, मागच्या बंपरपासून आरशापर्यंत उजवी बाजू सोललेली, आणि गाडीमालक अण्णा, एसटीचे निवृत्त चालक. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे, कंपनीचे पैसे गॅरेजला पोहोचले आहेत. तरी आभार मानायचेत ते पैशांसाठी नाहीत. पैसे पॉलिसीचे होते, आज ना उद्या मिळालेच असते.

रात्री घरासमोर, भिंतीला चिकटवून उभी केलेली गाडी. सकाळी अण्णा दूध आणायला बाहेर पडले तर रस्त्यावर टेललाइटच्या लाल काचा आणि वायरीला लोंबकळणारा आरसा. ठोकणारा पसार. समोरच्यांचा कॅमेरा फक्त त्यांचं स्वतःचं गेट बघतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 134 सांगतं की कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर जवळ पोलीस नसल्यास चालकाने 24 तासांच्या आत ठाण्यात जाऊन कळवायचं. हे अण्णांना पाठ आहे. ज्याला पाठ असायला हवं होतं तो कुठे गेला देव जाणे.

त्यानंतर जे सुरू झालं त्याची सगळी रामकहाणी सांगत बसत नाही. चौकीत ऐकलं, “माणसाला काही झालं नाही ना? इन्शुरन्स आहे ना? मग झालं तर!” अर्जाची पोहोच मिळाली, तीसुद्धा उपकार केल्यासारखी. कंपनीच्या कॉल सेंटरवरचा संवाद मात्र आमच्या घरात अजून नकलांसकट चालतो.

“सर, गाडी कोण चालवत होतं?”
“कोणी नाही. उभी होती.”
“हो सर, पण चालकाचं नाव सांगा.”
“अहो, चालक घरात झोपला होता!”
“ठीक आहे सर, मग त्यांचा लायसन्स नंबर द्या.”

यावर तोडगा काढला आमच्या एजंटने. मुलगा तसा वाईट नाही, अडीअडचणीला येतो. त्याने फॉर्म पुढ्यात घेतला आणि अपघाताच्या वर्णनात पेन्सिलीने लिहूनही टाकलं: ‘रिव्हर्स घेताना खांबाला धडक.’ म्हणाला, “अण्णा, सगळे असंच लिहितात. पोलीस नको, प्रश्न नको. तुम्ही फक्त यावरून पेन फिरवा आणि सही करा.”

साहेब, हे तो कुणाला सांगत होता? अण्णांनी वर्षानुवर्षं सातारा-चिपळूण गाडी काढली. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, त्या घाटात. विनाअपघात सेवेची 25 वर्षं झाली तेव्हा एसटीने त्यांचा आणि आईचा जोडीने सत्कार केला. त्या दिवशीचा फोटो आमच्या बैठकीत देवांच्या तसबिरीशेजारी आहे, आणि आईच्या मते देवांपेक्षा जास्त वेळा पुसला जातो. त्या माणसाने उतारवयात स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मी खांबाला धडकलो! अण्णा एजंटला काही बोलले नाहीत. फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, “क्लेम राहू दे. मी पेन्शनमधून करतो.” मी चिडले, भाऊ पुण्याहून फोनवर चिडला. आम्हा दोघांनाही एजंटचं म्हणणं व्यवहाराचं वाटत होतं.

कॉल सेंटरला कळवलेलं होतंच, त्यामुळे गॅरेजवर तुम्ही आलात, आणि तेही सांगितलेल्या वेळेला. हेही सांगण्यासारखं वाटावं, अशी वेळ आली आहे खरी. आल्याआल्या तुम्ही माझ्याशी बोललात, मग विचारलंत, “गाडी कुणाची?” आणि अण्णांकडे वळलात, ते वळलातच. उकिडवे बसून ओरखड्यावर बोट फिरवलंत, नखाने पिवळट रंगाचा पापुद्रा काढून तळहातावर घेतलात, टेपने जमिनीपासूनची उंची मोजलीत. अण्णाही शेजारी उकिडवे बसले. दोघांत “टेम्पो असणार”, “हौद्याचा कोपरा लागलाय” असं सुरू झालं, आणि गॅरेजवाला माझ्याकडे बघून हसला.

मग तुम्ही फॉर्म मागितलात. ती पेन्सिलीची ओळ वाचलीत. मला वाटलं, आता संपलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “खांबाने उभा पोचा पडतो. हा आडवा ओरखडा आहे. आणि खांब आरसा मोडून पळून जात नाही.” बॅगेतून खोडरबर काढलंत. फॉर्म बॉनेटवर ठेवून ती ओळ स्वतः खोडलीत, चुरा फुंकून टाकलात, चालकाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारलीत आणि पेन अण्णांच्या हातात दिलंत. “ड्रायव्हरसाहेब, जे झालं ते लिहा. माझ्या रिपोर्टातही तेच येईल.”

अण्णांनी लिहिलं: ‘गाडी उभी होती. गाडीत चालक नव्हता.’ त्यांचं अक्षर तसं गिचमिड, पण त्या दिवशी शाळेतल्या सुविचारासारखं आलं.

तुम्ही पुढे समजावलंत तेही आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ओन डॅमेजचं, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं, संरक्षण असलेल्या पॉलिसीत उभी गाडी कुणी ठोकून गेला तरी भरपाई मिळते, त्यासाठी खांब उभा करायची गरज नाही. उलट खोटं कारण लिहिलं तर खरा क्लेमही नामंजूर होऊ शकतो. एस्टिमेटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही हिशेब मांडलात: बंपर प्लास्टिकचा म्हणून भरपाईत झिजेपोटी निम्मी घट, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे 40 टक्के, काचेवर घट नाही, वर सक्तीने आपणच सोसायचे 1000 रुपये. आणि 50 टक्क्यांवर गेलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या नूतनीकरणाला शून्य. “आता विचार करून ठरवा, घाई नाही,” म्हणालात. अण्णांनी ठरवलं, क्लेम करायचा. बोनस गेल्याचं मात्र त्यांना अजून पटत नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याचा दंड मला का, हा प्रश्न ते भाजीवाल्यालासुद्धा विचारतात. मलाही पटत नाही, पण तो नियम तुमच्या हातचा नाही.

सर्व्हेअरकडे परवाना इर्डाचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, असतो, तो कंपनीचा नोकर नसतो, हेही मला आत्ताच कळलं. पण नुसत्या परवान्याने माणूस असा वागत नाही. एजंटच्या ओळीवर सही घेतली असती तर तुमचं काम लवकर उरकलं असतं, आमचेही पैसे बहुधा आले असते, आणि कुणीच तुम्हाला नाव ठेवलं नसतं. सरळपणाने वागणारी माणसं अशा टेबलांवर अजून आहेत. ती बोलत कमी असल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत, आणि आपण “सगळे असंच करतात” यावर फार पटकन विश्वास ठेवतो. एजंटनेही त्या दिवशीचा प्रकार ऐकला. परवा आमच्या शेजाऱ्यांचा फॉर्म भरताना त्याने आधी विचारलं म्हणे, “नेमकं काय झालं ते सांगा.”

तुम्ही त्या दिवशी गॅरेजवर चहासुद्धा घेतला नाहीत. “रिपोर्ट जाईपर्यंत नको,” म्हणालात. आता रिपोर्ट गेला, पैसे आले, फाइल बंद झाली. अण्णांनी कंदी पेढ्यांचा पुडा आणून ठेवला आहे आणि आईने तुमच्या नावाने तो कडीकुलपात ठेवला आहे, पण घरात नातवंडं आहेत, तेव्हा फार उशीर करू नका. पत्ता फॉर्मवर आहेच.

आपली नम्र,
अण्णांची मुलगी